वाकड्या पानांचा पंचनामा

प्रारंभीच दिवस आणि जबाबदार माणसे नोंदवतो. तारखा माझ्या डायरीत आहेत. परंतु ज्या गावात हे घडले तिथे काळ सणांनी मोजतात, म्हणून सणच लिहितो.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी एका कृषी केंद्राच्या मालकाने दुकानाचा फवारणी पंप एका गिऱ्हाइकाला ज्वारीतले तण मारण्यासाठी दिला. नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी तोच पंप त्याने दुसऱ्याच्या कपाशीसाठी दिला आणि आधी त्यात काय होते हे सांगितले नाही. जबाबदार : दुकानदार.

महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, उठल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेताची पाहणी झाली. पाहणीसाठी आलेले शास्त्रज्ञ धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, जीपमध्येच बसून राहिले. जबाबदार : शास्त्रज्ञ.

पंचनामा दुरुस्त करावा असे सविस्तर पत्र दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत वरिष्ठांना गेले. त्यावर शेरा पडला, 'नस्ती बंद करावी', म्हणजे फाइल मिटवावी. जबाबदार : वरिष्ठ अधिकारी.

या तिघांची नावे देत नाही, कारण उत्तर द्यायला ते या पानावर हजर नाहीत. चौथा जबाबदार हजर आहे. तो पंचनामा ज्याच्या अक्षरात आहे तो मी.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बोंडअळीने कपाशी पोखरली, त्या वर्षांतली ही हकीकत. मी तालुका कृषी कार्यालयात अधिकारी होतो. आधी नेर, मग केळापूर, शेवटी घाटंजी. बाहेरच्या लोकांना वाटते की कृषी अधिकारी म्हणजे खत-बियाणे सांगणारा माणूस. माझ्या कामाचा मोठा भाग तक्रारींचा होता. बियाणे उगवले नाही, औषधाने पीक जळले, पाते गळले, असा अर्ज आला की शेतात जायचे, पाहायचे, पंचांसमक्ष लिहायचे. या कामात मुख्य साक्षीदार असते ते झाड, आणि ते बोलत नाही. पण त्याच्यावर काय गुदरले ते त्याच्या वाढीत उतरलेले असते. ते वाचता आले पाहिजे.

त्यासाठी वाचकांना एक गोष्ट समजावून सांगणे भाग आहे. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तरी कोणत्या पेशीने लांब व्हायचे, कोणत्या पेशीने दुभंगून दोन व्हायचे, पान कुठे फुटायचे, मूळ कुठे वळायचे, हे सगळे ठरल्याप्रमाणे होते. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, त्यामुळे हे घडते. वाढीचा एक मुख्य निरोप शेंड्याजवळच्या कोवळ्या भागात तयार होतो आणि पेशीपेशींतून खाली झिरपत जातो. तो ओळखणारी व्यवस्था पेशीच्या आत असते. निरोप पोचला की एरवी दाबून ठेवलेल्या काही सूचना मोकळ्या होतात आणि पेशी कामाला लागते. आणि यापुढची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. काम झाले की झाड तो निरोप मोडून टाकते. मोडला नाही, तर पेशी तेच काम करीत राहील. वाढ सुरू करण्याइतकीच ती वेळेवर थांबवण्याचीही व्यवस्था लागते.

हे मी महाविद्यालयात शिकलो होतो. समजले मात्र केळापूर तालुक्यातल्या एका शेतात. तिथे बायका ओळीने तुरीचे शेंडे खुडत चालल्या होत्या. त्या तालुक्यात मी नवा होतो. ज्ञान दाखवायची हौस होती. एका वयस्क बाईंना विचारले, ''शेंडा खुडल्याने काय होतं, ठाऊक आहे का?''

त्या हात न थांबवता म्हणाल्या, ''शेंडा म्हंजे घरातली सासू, साहेब. ती हाये तवरिक सुना चूप. तिले बाजूले केलं का साऱ्या हातपाय पसरते.'' मागून दुसरी म्हणाली, ''हळू बोल वं, तुही सासू पल्याडच्या तासात हाये.'' तास म्हणजे पेरणीची ओळ.

शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बगलेतल्या अंकुरांना, निरोप पाठवतो की फुटू नका. शेंडा गेला की तो निरोप थांबतो आणि बाजूच्या फांद्या फुटतात. त्या बाईंच्या वाक्यात माझे अख्खे पुस्तक होते.

निरोपांचा तोल बिघडला की काय होते, ते नेरला पाहिले. एक गृहस्थ कपाशीचे उपटलेले झाड घेऊन बसने कार्यालयात आले. कुणीतरी विकलेले, वाढ होते असे सांगितलेले टॉनिक त्यांनी दर आठ दिवसांनी फवारले होते. झाड त्यांच्याहून उंच. बसमध्ये ते वाकवून धरावे लागले आणि कंडक्टरने म्हणे विचारले, ''काका, हे पाव्हणे उभ्यानं येनार का बसून?'' कार्यालयात सगळे हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. ''साहेब,'' ते म्हणाले, ''उंची पाहून मी साऱ्या गावाले बोलावलं होतं दाखवाले. आता बोंडं मोजाले येतील.'' झाडावर चार बोंडे होती. वाढत राहा, एवढाच हुकूम त्या झाडाला बाहेरून मिळत राहिला होता. त्यांची तक्रार मी नीट लिहिली, बाटली सीलबंद करून तपासणीला पाठवली. मला माझ्या लिहिण्याचा अभिमान होता. खाडाखोड नाही, शब्द मोजके, कायद्यात बसणारे. हा अभिमान पुढे उपयोगी पडतो, म्हणून सांगितला.

आता घाटंजी तालुक्यातली हकीकत. गावाचे नाव त्या गावाला ठाऊक आहे.

शकुंतलाबाई स्वतः शेती पाहणाऱ्या बाई होत्या. पती शहरात नोकरीला, शेताचा सगळा भार यांच्यावर. नागपंचमीनंतर त्यांनी कपाशीवर तुडतुड्यांसाठी फवारणी करून घेतली. कान्होबाच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या, दिवशी त्यांच्या लक्षात आले की जुनी पाने ठीक आहेत, पण नवी येणारी पाने अरुंद, लांबट आणि वाकडी आहेत. शिरा एकमेकींना समांतर ओढल्यासारख्या. शेंडे पिळलेले. त्यांनी अर्ज केला. मी, बियाणे कंपनीचा एक प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ असे आम्ही पाहणीला गेलो.

शकुंतलाबाईंनी एक फांदी माझ्यासमोर धरली. ''साहेब, तुमीच सांगा, हे पऱ्हाटी हाये का भेंडी? म्या पेरलं तं पऱ्हाटी होतं.'' पऱ्हाटी म्हणजे कपाशी.

त्यांचे दीर भाऊराव शेजारी उभे होते. ते म्हणाले, ''वहिनी, तुमाले सांगून राह्यलो ना कवाचा. बियाण्याले दोष नोका देऊ. फवारलं कोनं? मारोतीनं. धुऱ्यावरून त्याचे बैल नेऊ देले नाही म्या, त्याचा राग काढला त्यानं. पंपात काहीतरी टाकलं.''

मारोती हा शेजारच्या पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा माणूस. फवारणी हे त्याचे मुख्य काम. त्याला मी आधीपासून ओळखत होतो. वारा पाहून चालणारा, तोंडाला फडके बांधल्याशिवाय पंप न उचलणारा, नोझल तोंडाने न फुंकणारा असा फवारणीवाला त्या पट्ट्यात दुसरा नव्हता. तो दहा हातांवर उभा होता. म्हणाला, ''भाऊ, म्या कायले टाकू? टाकलं असतं तं उद्या मले पंप कोन उचलू देनार होतं?''

मी विचारले, ''पंप धुतला होता का?''

''तीनदा धुतला, साहेब. तुमच्या कागदात हाये तसा. दुकानाच्या भितीवर चिकटवला हाये ना, तो. दुकानदारानं वाचून दाखवला होता.''

तो कागद माझा होता. फवारणीची काळजी असे शीर्षक, दहा सूचना, खाली माझी सही. सातवी सूचना होती, 'वापरानंतर पंप स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावा.' तो कागद तालुकाभर लागला होता. मला त्या क्षणी थोडे बरेही वाटले, की एक माणूस तरी तो पाळतो.

मग मारोतीने मला बोलावले. ''इकडं या, साहेब. हे पाहा. पयल्या पंपाची तासं लय वाकडी. दुसऱ्या पंपाची कमी. तिसऱ्याची त्याच्याहून कमी. अन् थे तिकडं पाहा, शेवटली, सरळ पानं. रोग काय तासं मोजून येते?''

मी पाहिले. तो सांगत होता ते डोळ्यांनी दिसत होते. पंपात काहीतरी शिल्लक होते आणि प्रत्येक भरणीबरोबर ते विरळ होत गेले होते. कोणताही रोग असा ओळींनी कमी होत जात नाही. मी जीपपाशी गेलो आणि शास्त्रज्ञांना विनंती केली, ''सर, एकदा आत येऊन ओळी पाहता का?''

''चिखल आहे,'' ते म्हणाले. ''आणि मला अजून दोन गावं करायची आहेत. फांदी दाखवा. हं. व्हायरस. लिहा.''

''पण ओळींप्रमाणे कमी-जास्त दिसतंय.''

''व्हायरस कुठंही कमी-जास्त दिसतो. लिहा तुम्ही.''

मी लिहिले, 'विषाणूजन्य रोगाची शक्यता.' भाऊराव अडून बसले की त्यांचे म्हणणे कागदावर आलेच पाहिजे. मारोतीने दाखवलेल्या ओळी मात्र कागदावर आल्या नाहीत, कारण त्या आल्या असत्या तर शास्त्रज्ञांचे मत खोटे पडले असते. भाऊरावांचे समाधान व्हावे आणि मी कोणावर आरोप केला असेही होऊ नये, म्हणून मी एक वाक्य रचले आणि भाऊरावांना दाखवले. ते पूर्ण देतो : 'तथापि, फवारणी करणाऱ्या मजुराने अनधिकृत द्रव मिसळल्याची शक्यता नाकारता येत नाही.'

त्या वेळी मला ते समतोल वाटले होते.

आठ दिवसांत भाऊरावांनी पंचनाम्याची प्रत मिळवली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहून ते वाक्य वाचून दाखवले. सरकारी कागद, सरकारी शिक्का. त्या दिवसापासून मारोतीला कोणी पंप दिला नाही. शेजारच्या गावांतही नाही. बोंडअळीच्या त्या हंगामात, जेव्हा फवारणीवाला मिळत नव्हता आणि न शिकलेली माणसे पंप पाठीवर घेऊन शेतात उतरत होती, तेव्हा त्या भागातला सर्वांत जाणता फवारणीवाला पोडावर बसून होता.

दसऱ्यानंतर मी त्या कृषी केंद्रात खताचे नमुने घ्यायला गेलो. दुकानदार मनाने वाईट नव्हता. दुकानातून औषध नेणाऱ्याला पंप वापरायला देण्याची त्याची पद्धत होती आणि कोणी कधी नेला याची वही तो ठेवीत असे. मी सहज वही मागितली. तिथे लिहिलेले होते : नागपंचमीच्या आदल्या दिवशी एका शेतकऱ्याचे नाव, पुढे ज्वारी. त्याखाली दोनच ओळींनी शकुंतलाबाईंचे नाव.

मी विचारले, ''ज्वारीत काय मारलं होतं?''

''टू-फोर-डी. तनाले तेच तं मारते. काहून, साहेब?''

''आणि तोच पंप कपाशीला दिला?''

''धुतला ना पन. हा पाहा तुमचा कागद, भितीवर. तीनदा.''

मी त्या कागदाकडे पाहत उभा राहिलो. सातवी सूचना पुन्हा वाचली.

टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे झाडाच्या त्या वाढीच्या निरोपाची नक्कल आहे. पेशी त्याला खराच निरोप समजते आणि आत घेते. ज्वारीसारखी गवतवर्गातली पिके ते पचवतात. रुंद पानांच्या झाडांना, आणि कपाशीला तर विशेष, ते लवकर मोडता येत नाही. पेशीला हुकूम मिळत राहतो. थांब म्हणणारे कोणी नसते. पाने नको त्या बाजूने वाढतात, ओढली जातात, पिळतात. तयार झालेल्या पानांना काही होत नाही. जी घडत असतात त्यांचाच आकार बिघडतो. आणि हे द्रव्य पंपाच्या रबरी नळीत, वायसरांत मुरून बसते. साध्या पाण्याने तीनदा धुतले तरी कपाशीला पुरेल इतके उरते. सोडा किंवा अमोनियाच्या पाण्याने धुवावे लागते, ते पाणी नळीत भरून ठेवावे लागते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवला तर सर्वांत उत्तम. हे सगळे मला ठाऊक होते. सातवी सूचना लिहिताना तेवढी ओळ मी लिहिली नाही. कागद एका पानात बसवायचा होता.

खात्री करण्यासाठी तो पंप मी घरी आणला. त्यात टू-फोर-डी भरून ते रिकामे केले, मग पंप तीनदा धुतला, नुसते पाणी भरले आणि परसातल्या टोमॅटोच्या तीन रोपांवर फवारले. मग सोड्याच्या पाण्याने पंप रीतसर धुऊन दुसऱ्या तीन रोपांवर फवारले. दहा दिवसांत पहिली तीन रोपे पिळली. दुसरी तीन सरळ वाढत होती. आमच्या सौभाग्यवती परसात आल्या, रोपांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ''तुमच्या टमाट्याले काय झालं? का मारोती इथंबी येऊन गेला?''

लग्नानंतर त्यांनी मला बरेच टोमणे मारले असतील. हा एकच आठवतो.

त्याच दिवशी मी वरिष्ठांना पत्र लिहिले. वहीची नक्कल, रोपांची छायाचित्रे, ओळींचा आठवणीने काढलेला नकाशा जोडला. पंचनाम्यातील निष्कर्ष चुकीचा असून तो दुरुस्त करावा, आणि माझ्या सूचनापत्रातील सातवी सूचना मागे घ्यावी, अशी मागणी केली. उत्तर आले नाही म्हणून समक्ष गेलो. साहेबांनी पत्र चाळले. म्हणाले, ''अहो, पीक तं सुधारलं ना? बाईची तक्रार आहे का आता? मग तुम्ही कायले कोर्टबाजी करून राह्यले?''

पीक सुधारले होते, हे खरे. दिवाळीपर्यंत शकुंतलाबाईंच्या कपाशीला पुन्हा रुंद, साधी पाने आली. बोंडे उशिरा लागली, पण लागली. झाडाने हळूहळू का होईना, तो खोटा हुकूम मोडून टाकला. आमच्या कार्यालयाने माझे वाक्य मोडले नाही. ते शिक्क्यासकट आत राहिले आणि काम करीत राहिले. सूचनापत्र बदलले, तेही माझ्या बदलीनंतर आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने, स्वतःच्या जबाबदारीवर. पंचनाम्याबद्दल मला लेखी कळवण्यात आले की 'पंचनाम्यात फेरबदलाची तरतूद नाही.' कोणत्या नियमाने नाही, असे मी विचारले. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

निवृत्त झालो. यवतमाळला राहायला आलो. एका सकाळी मारोती दारात उभा राहिला. केस पांढरे झालेले. मधली वर्षे तो मिरची तोडायला तेलंगणात जात होता. खुर्ची दिली, तो पायरीवरच बसला. पाणी प्याला आणि म्हणाला, ''साहेब, त्या कागदात माह्या नावानं काय लिवलं होतं?''

मी म्हणालो, ''मारोतराव, त्या दिवशी वाचून दाखवलं होतं ना सगळं.''

''सारं वाचलं, साहेब. तेवढं नाही वाचलं. मले वाचता येत नाही, पन आयकू तं येते. भाऊरावनं वाचलं तवा म्या पयल्यांदा आयकलं.''

आता ते सांगतो, जे एकाही पत्रात मी आजवर लिहिलेले नाही. प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ असते : 'मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' त्याखाली पंचांच्या आणि संबंधितांच्या सह्या, अंगठे. त्या दिवशी मी धुऱ्यावर उभा राहून सगळा मजकूर मोठ्याने वाचला. त्या वाक्यापाशी आलो, समोर मारोती होता, आणि मी ते वाक्य डोळ्यांनी ओलांडून पुढचे वाचले. मग त्याच्या अंगठ्याला शाई लावली. ते वाक्य खरे आहे असे मला वाटत असते, तर मी ते वाचले असते. म्हणजे लिहितानाच मला ते खोटे असल्याचे ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी चिखलाचे कारण दिले. मी कोणते देऊ?

मारोती पायरीवरून उठला. रागावलेला नव्हता. जाताना एवढेच म्हणाला, ''तुमीच लिवलं ना, साहेब. आता तुमीच खोडा. मी हाये तवरिक खोडा.''

त्यानंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर : 'सदर नस्ती अभिलेखात आढळून येत नाही.' अपील केले, तेच उत्तर आले. नस्ती हरवली असेल तर तिच्यातल्या वाक्यावरून एका माणसाचे काम कसे बंद राहू शकते? आणि हरवली नसेल तर खोटे उत्तर कोणी दिले? माझ्याकडे कार्बन प्रत आहे. वाक्य स्पष्ट वाचता येते.

म्हणून आता पत्र नाही, ही जाहीर मागणी. घाटंजीत माझ्या खुर्चीवर आज जे कोणी अधिकारी बसले असतील, त्यांनी त्या गावाच्या पुढच्या ग्रामसभेत स्वतः उभे राहावे आणि एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : शकुंतलाबाईंच्या कपाशीत मारोतीने काही मिसळले होते, असे मानायला त्या दिवशी कोणताही पुरावा होता का? हो किंवा नाही. नाही असेल, तर तसे त्या सभेच्या इतिवृत्तात लिहावे आणि शिक्का मारावा. शिक्क्याने केलेले शिक्क्यानेच मोडावे लागेल.

मी त्या सभेत असेन. अधिकाऱ्यांच्या आधी मी उभा राहीन, माझ्याजवळची प्रत काढीन, आणि जे वाक्य मी धुऱ्यावर गाळले ते मारोतीच्या तोंडाकडे पाहून वाचीन. मग ते खोटे होते, असे सांगेन.

त्यानंतर अधिकाऱ्यांनी बोलावे. उत्तर टपालाने पाठवू नये. मारोतीला वाचता येत नाही.